पोळ्या लाटून झाल्यावर शक्ती मुद्रा

माझे सत्तावीस डबे. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेते, त्यामुळे रात्री साडेनऊला डोळा लागायलाच हवा. अंग आंबलेलं असतं, पण डोकं उद्याच्या भाजीचा हिशेब मांडून बसतं. आमच्या इमारतीत योगासनं शिकवणाऱ्या ताईंनी मला झोपेसाठी शक्ती मुद्रा, म्हणजे बोटं जुळवून बसायची एक पद्धत, दाखवली, ती आता रोज करते.

अंथरुणावर भिंतीला उशी लावून पाठ टेकून बसा. मांडी घालता येत नसेल तर पाय पसरा, काही बिघडत नाही. हात दिवसभर लाटण्यावर असतील तर आधी दोन मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, बोटं सैल होतात.

आता अंगठा तळहातावर आडवा ठेवा आणि त्यावर तर्जनी आणि मधलं बोट दुमडा. मोदकात सारण भरून पाकळ्या मिटतो ना, अगदी तसं. सारण आत राहतं, पण चेंगरत नाही. अनामिका आणि करंगळी मोकळ्या राहू द्या. मग दोन्ही हात छातीसमोर आणून अनामिकेला अनामिका आणि करंगळीला करंगळी टेकवा, फक्त टोकांनी. दुमडलेल्या बोटांच्या पाठी एकमेकींना जेमतेम लागतात. करंगळ्या जुळवताना जरा ताण येतो. सुरुवातीला मी टोकं जोर लावून दाबायची, तर चौथ्या दिवशी लाटणं धरताना मनगटातून कळ आली. कोपराखाली उशी घेतली आणि खांदे खाली सोडले, तेव्हा कुठे जमलं.

खरं काम श्वासाचं आहे. नाकाने चार आकडे श्वास घ्या, सहा आकडे सोडा. फुगलेली पोळी तव्यावरून काढली की हळूहळू बसते, तसा. श्वास कोंडू नका. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. बोटं म्हणजे मनाला अडकवून ठेवायची खुंटी, असं माझं मत.

अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल, असं सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण ‘हठप्रदीपिका’ या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ज्या दहा मुद्रा आहेत, महामुद्रा, खेचरी, विपरीतकरणी वगैरे, त्यांत झोपेसाठी बोटं जुळवायची ही मुद्रा नाही. तेव्हा प्राचीन औषध म्हणून कुणी विकायला आलं तर पैसे देऊ नका.

संधिवाताने बोटं दुखत असतील तर अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून हात मांडीवर ठेवा, तेवढं पुरे. झोपेत श्वास अडकून दचकायला होत असेल किंवा आठवडेच्या आठवडे झोप नसेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि चहा! मी दुपारी चारनंतरचा कप बंद केला, त्याचाही वाटा आहेच.

मोबाइलवर गजर लावू नका, श्वासच मोजा. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. डोळे जड झाले की आडवं व्हा, हात पोटावर. मी अठरा-एकोणीसच्या आसपास हरवते आणि बोटं आपोआप सुटतात. सुटू द्या, पुन्हा जुळवायला जागं होऊ नका.