लाळेचा नमुना पाठवला असेल, तर आधी हे करा

घरबसल्या जनुकीय चाचणी करणाऱ्या '२३अँडमी' या अमेरिकन कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरांच्या हाती गेली. चोरांनी प्रत्यक्षात जेमतेम १४ हजार खाती उघडली होती, तीही इतर संकेतस्थळांवरून फुटलेले जुने पासवर्ड वापरून. बाकीच्यांची माहिती नातेवाईक शोधून देणाऱ्या सुविधेतून आपोआप उघडी पडली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी ग्राहकांना आपली माहिती काढून टाकण्याच्या हक्काची आठवण करून दिली.

आपण किंवा परदेशातील आपल्या भावंडांनी अशी चाचणी केली असेल, तर खात्यात जाऊन प्रथम अहवाल उतरवून घ्यावा, संशोधनासाठी दिलेली संमती मागे घ्यावी, जपून ठेवलेला लाळेचा नमुना नष्ट करण्यास सांगावे आणि मगच माहिती कायमची पुसण्याचा पर्याय निवडावा. त्यानंतर ईमेलवर येणाऱ्या दुव्यावर होकार दिल्याशिवाय ही विनंती पूर्ण होत नाही, आणि नेमकी हीच पायरी घाईत राहून जाते. पूर्ण झालेल्या संशोधनात वापरलेली माहिती मात्र परत घेता येत नाही.

नवी चाचणी करण्याच्या विचारात असाल, तर आधी घरच्यांशी बोला, कारण सख्ख्या भावंडांची जनुके सरासरी निम्मी सारखी असतात, आणि पासवर्ड बदलता येतो तशी जनुके बदलता येत नाहीत.