झायोनवादावरील टीका आणि ज्यूद्वेष : राजकीय वादात या चुका टाळा

ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी २ नोव्हेंबर १९१७ रोजी पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासभूमीला सरकारचा पाठिंबा जाहीर केला. त्यापूर्वीचे काही महिने या कल्पनेला सरकारातून सर्वांत कडवा विरोध करत होते ते एडविन माँटेग्यू. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे असलेले हे भारतमंत्री त्या सरकारातील एकमेव ज्यू मंत्री होते. ज्यूंचे वेगळे राष्ट्र मानले, तर इंग्लंडमध्ये जन्मलेला ज्यू इंग्लंडमध्येच परका ठरेल, अशी त्यांची भीती होती आणि आपल्याच सरकारचे हे धोरण ज्यूंना घातक असल्याचे त्यांनी लेखी टिपणात बजावले होते. उलट बाल्फोर स्वतः पंतप्रधान असताना, १९०५ मध्ये, परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा जो कायदा झाला, त्याचा मुख्य रोख रशियन साम्राज्यातील छळाला कंटाळून येणाऱ्या ज्यूंवर होता. ज्यूंसाठी दूरवर राष्ट्र असावे, पण आपल्या शेजारी ज्यू नको, असे मानणारा माणूस असू शकतो आणि ज्यू असूनही झायोनवाद, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा आग्रह, नाकारणारा माणूसही असू शकतो, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसून आले होते.

तरीही आजच्या वादांत झायोनवादावरील टीका आणि ज्यूद्वेष या दोन गोष्टींची गल्लत रोज होते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतर गाझात इस्रायलच्या कारवाईत मृत्यू पावलेल्यांची संख्या तेथील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार साठ हजारांच्या पुढे गेली. तेव्हापासून तर दोन्ही बाजूंना शब्द जपून वापरण्याची उसंतच उरलेली नाही. या गल्लतीतल्या काही ठळक चुका आणि त्या दुरुस्त करण्याचे मार्ग येथे पाहू. सर्व चुकांचे मूळ माझ्या मते एकच आहे. वाक्यात दोष कोणाला दिला आहे, कृतीला, सरकारला व विचारसरणीला की जन्माने मिळालेल्या ओळखीला, हे न पाहता बोलणारा कोणत्या गटातला आहे यावरून निकाल दिला जातो.

ज्यू, इस्रायली आणि झायोनवादी यांना एकच मानणे

ही सर्वांत सामान्य चूक आहे आणि ती बहुधा वाईट हेतूशिवायच होते. ‘ज्यूंनी गाझा बेचिराख केला’ असे एखादा सहज लिहून जातो. जगात सुमारे दीड कोटी ज्यू आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक इस्रायलबाहेर राहतात. इस्रायलच्या नागरिकांपैकी सुमारे एक पंचमांश अरब आहेत. झायोनवाद म्हणजे ज्यूंना त्यांच्या प्राचीन भूमीत स्वतंत्र राष्ट्रजीवन मिळावे असे मानणारी राजकीय चळवळ. तिची पहिली परिषद १८९७ मध्ये बाझल येथे भरली, आणि त्याच वर्षी विल्निअस येथे ‘बुंड’ ही ज्यू कामगारांची समाजवादी संघटना स्थापन झाली, जी झायोनवादाला ठामपणे नाकारत होती. सातमारसारखे अतिसनातनी ज्यू पंथ मसीहा येण्यापूर्वी माणसांनी राज्य स्थापणे हे पाप मानतात. दुसरीकडे, अमेरिकेतील लक्षावधी इव्हँजेलिकल ख्रिस्ती स्वतः ज्यू नसूनही कट्टर झायोनवादी आहेत.

दुरुस्ती सोपी आहे : कर्ता अचूक लिहावा. ‘इस्रायलच्या सरकारने’, ‘इस्रायली लष्कराने’, ‘वेस्ट बँकमधील वसाहतवाल्यांनी’, ‘अमुक मंत्र्याने’ असे लिहिल्यावर टीका बोथट होत नाही, उलट तिला पुरावा जोडणे शक्य होते. ही केवळ भाषेची शिस्त नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणाऱ्या लष्कर-ए-तैयबाच्या अतिरेक्यांनी कुलाब्याच्या गल्लीतले नरीमन हाऊस मुद्दाम निवडले आणि रब्बी गॅव्हरिएल होल्झबर्ग, त्यांची गर्भवती पत्नी रिव्का व त्यांच्या पाहुण्यांचा बळी गेला. जगातील कोणताही ज्यू इस्रायलच्या खात्यावर जमा धरायचा, हे समीकरण शेवटी तेथे पोहोचते. अलिबाग, पेण किंवा भायखळ्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना करणाऱ्या बेने इस्रायली (कोकणातील ज्यू) कुटुंबाकडून गाझाविषयी खुलासा मागणे हे त्याच समीकरणाचे सौम्य रूप आहे. आणि ‘प्रत्येक ज्यू इस्रायलच्या पाठीशी उभा आहे’ असे अभिमानाने सांगणारा इस्रायलसमर्थकही नकळत तेच समीकरण पक्के करत असतो.

शब्द बदलला म्हणजे आशय बदलला असे मानणे

‘मी ज्यूंविषयी बोलतच नाही, झायोनवाद्यांविषयी बोलतो आहे’ हे उत्तर कधी पूर्ण खरे असते आणि कधी निव्वळ पळवाट. पळवाटेची उदाहरणे इतिहासात भरपूर आहेत. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्राग येथे रुडॉल्फ स्लान्स्की आणि इतर तेरा कम्युनिस्ट नेत्यांवर कटाचा खटला चालला. चौदा आरोपींपैकी अकरा ज्यू होते, त्यांच्यावर झायोनवादी कारस्थानाचा ठपका ठेवला गेला आणि एकूण अकरा जणांना फाशी झाली. यांतील बहुतेकांनी आयुष्यभर झायोनवादाला विरोध केला होता, पण त्याने काही फरक पडला नाही. पोलंडमध्ये मार्च १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर सरकारने ‘झायोनवाद्यां’विरुद्ध मोहीम उघडली, लोकांना नोकऱ्यांवरून काढले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तेरा हजारांच्या आसपास ज्यू वंशाचे लोक देश सोडून गेले. हिटलरच्या छळातून वाचलेल्या पिढीची ती माणसे होती.

म्हणून वाक्यातला शब्द नव्हे, तर त्यातला दावा तपासावा. एक छोटा गट पडद्याआडून बँका, वृत्तपत्रे, युद्धे आणि सरकारे चालवतो, हा दावा विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात पसरवलेल्या एका बनावट दस्तऐवजाचा आहे. तो मजकूर दुसऱ्याच एका फ्रेंच पुस्तकावरून चोरलेला आहे हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्येच दाखवून दिले, तरी हमासच्या १९८८ च्या सनदेत त्याचा आधार घेतलेला आढळतो. तोच दावा ‘झायोनवादी लॉबी’च्या नावाने केला तरी त्याची जात बदलत नाही. याचा अर्थ अमेरिकेतील इस्रायलसमर्थक दबावगटांविषयी बोलूच नये असा मात्र नाही. ‘एपॅक’ कोणत्या उमेदवारांवर किती पैसा खर्च करते, कोणत्या विधेयकासाठी प्रयत्न करते, हे बंदूकसमर्थक किंवा औषध कंपन्यांच्या दबावगटांविषयी जसे विचारले जाते तसेच विचारता येते. संघटनेचे नाव, रक्कम आणि मतदान यांचा उल्लेख असेल तर ते राजकारणाचे विश्लेषण होय. ‘ते’ सगळे चालवतात एवढेच म्हणणे असेल तर ती अफवा.

अर्धसत्याचा एक प्रसिद्ध नमुना लंडनचे माजी महापौर केन लिव्हिंगस्टन यांचा आहे. १९३२ च्या निवडणुकीच्या वेळी हिटलर झायोनवादाला पाठिंबा देत होता, असे विधान त्यांनी एप्रिल २०१६ मध्ये केले आणि मजूर पक्षाने त्यांना निलंबित केले. ऑगस्ट १९३३ मध्ये झायोनवादी संस्था आणि नाझी अर्थखाते यांच्यात ‘हावारा’ करार झाला होता आणि त्यामुळे सुमारे साठ हजार जर्मन ज्यू काही मालमत्तेसह पॅलेस्टाइनला निसटू शकले, हे खरे आहे. त्या कराराविषयी ज्यू जगातही तेव्हा प्रचंड वाद झाला आणि आजही इतिहासकार त्यावर लिहितात. पण ज्यूंना घालवून देऊ पाहणाऱ्या राजवटीशी जीव वाचवण्यासाठी केलेला व्यवहार हा त्या राजवटीचा पाठिंबा ठरवणे म्हणजे बळींना गुन्हेगारांच्या रांगेत उभे करणे होय.

प्रत्येक टीकेवर ज्यूद्वेषाचा शिक्का मारणे

आता दुसरी बाजू, आणि सत्ता असलेल्यांच्या हातून ही चूक अधिक होते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०२३ मध्ये झायोनवादविरोध म्हणजेच ज्यूद्वेष असे सांगणारा ठराव ३११ विरुद्ध १४ मतांनी संमत केला. न्यूयॉर्कचे ज्यू प्रतिनिधी जेरी नॅडलर यांच्यासह ९२ सदस्यांनी बाजू न घेता केवळ उपस्थिती नोंदवली. न्यूयॉर्कमधील काही अतिसनातनी ज्यू झायोनवादविरोधी आहेत, मग त्यांना काय म्हणायचे, हा नॅडलर यांचा आक्षेप होता. माँटेग्यू हयात असते तर तेही या व्याख्येत सापडले असते.

इस्रायलची राजवट वंशभेदी आहे असे म्हणणे अनेकांना अतिरेकी वाटते, आणि त्यावर वाद घालण्यासारखेही पुष्कळ आहे. पण जानेवारी २०२१ मध्ये ते म्हणणारी ‘बत्सेलेम’ ही जेरुसलेममधील इस्रायली मानवी हक्क संघटना आहे. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टिनी प्रदेशांवरील इस्रायलचा १९६७ पासूनचा ताबा बेकायदा असल्याचे सल्लागार मत दिले. त्याच्याशी असहमत होता येते, त्याला द्वेष म्हणता येत नाही. पॅलेस्टाइनमध्ये ज्यू आणि अरब यांचे समान हक्कांचे एकच राज्य असावे, ही कल्पना तर मार्टिन बुबर आणि हिब्रू विद्यापीठाचे पहिले प्रमुख जूडा मॅग्नेस यांनी मांडली होती. ती व्यवहार्य आहे का हा वेगळा प्रश्न.

आपल्या मुलखाशी जोडलेले एक उदाहरण या संदर्भात फारसे आठवले जात नाही. इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने १९६० च्या दशकाच्या आरंभी कोकणातून तेथे गेलेल्या बेने इस्रायलींच्या विवाहांपूर्वी त्यांच्या ज्यू वंशाची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ मध्ये क्नेसेटला, म्हणजे इस्रायलच्या संसदेला, त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. शनिवार पाळणाऱ्या तेल्यांचे हे वंशज इस्रायलच्या अधिकृत संस्थेवर भेदभावाचा आरोप करत होते. त्यांना कोणत्या तोंडाने ज्यूद्वेष्टे म्हणावे?

व्याख्येलाच निकाल समजणे

आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडीने मे २०१६ मध्ये स्वीकारलेली ज्यूद्वेषाची कार्यकारी व्याख्या अनेक सरकारांनी उचलली. तिच्यासोबतच्या अकरा उदाहरणांपैकी सात इस्रायलशी निगडित आहेत, आणि वाद त्यांवरच आहे. मात्र कोणत्याही देशावर होते तशा प्रकारची इस्रायलवरील टीका ज्यूद्वेष मानता येणार नाही, असे त्याच मजकुरात नमूद आहे, आणि संदर्भ पाहून ठरवावे असेही. तिचा मूळ मसुदा करणाऱ्यांतील प्रमुख केनेथ स्टर्न यांनी पुढे विद्यापीठांतील भाषणे रोखण्यासाठी तिचा वापर करण्यास जाहीर विरोध केला. मार्च २०२१ मध्ये ज्यू व होलोकॉस्ट अभ्यासाच्या विद्वानांनी ‘जेरुसलेम जाहीरनामा’ काढून इस्रायलविषयीची कोणती विधाने मुळातच ज्यूद्वेषी असतात आणि कोणती नसतात, याची वेगळी विभागणी केली. वादात यांपैकी एकच मजकूर अंतिम मानून समोर आदळण्यापेक्षा दोन्ही वाचणे बरे; दोन्ही मिळून दहा पानेही होत नाहीत.

‘(जॉर्डन) नदीपासून (भूमध्य) समुद्रापर्यंत पॅलेस्टाइन मुक्त होईल’ या घोषणेचेही असेच. तिच्यात समान हक्कांची मागणी असू शकते, तसेच ज्यूंना हाकलण्याची धमकीही असू शकते. १९७७ च्या लिकुड पक्षाच्या जाहीरनाम्यातही समुद्र आणि जॉर्डन यांच्यामध्ये केवळ इस्रायलचेच सार्वभौमत्व राहील, असे म्हटले होते. घोषणा देणाऱ्याला ‘तेथे राहणाऱ्या सत्तर लाखांहून अधिक ज्यूंचे पुढे काय?’ असे विचारावे; त्याच्या उत्तरातून कळते. तोच प्रश्न दुसऱ्या बाजूला तितक्याच संख्येच्या पॅलेस्टिनींबाबत विचारावा.

‘तिबेटवर का बोलत नाही’ हा प्रतिप्रश्न मात्र सहसा निरुपयोगी असतो. एकाच विषयाला वाहून घेणे हा द्वेषाचा पुरावा नव्हे. जगातील इतर सर्व राष्ट्रे मान्य करून केवळ ज्यूंनाच राष्ट्राचा हक्क नाही असे कोणी म्हणत असेल, तर तेथे त्याचे कारण मागावे.

हिटलरला मध्ये आणणे

मराठी चर्चांत ही चूक विशेष करून दिसते. हिटलरने काही ज्यू मुद्दाम जिवंत ठेवले, म्हणजे मी त्यांना का मारले हे जगाला कळेल, अशा अर्थाचे एक वाक्य त्याच्या छायाचित्रासह फिरत असते. ते बनावट आहे. त्याच्या कोणत्याही भाषणात वा लेखनात ते सापडत नाही. गाझाविषयीच्या खऱ्या संतापातून ते पुढे पाठवणारा माणूस साठ लाखांच्या हत्येला मागाहून संमती देत असतो. गंमत अशी की आपल्याकडे इस्रायलच्या कणखरपणाचे गोडवे गाणारे काही जण त्याच श्वासात हिटलरच्या शिस्तीचेही कौतुक करतात. नवी मुंबईत २००६ मध्ये हिटलरच्या नावाचे उपाहारगृह निघाले होते, आणि मुंबईतील ज्यूंच्या विरोधानंतरच ते नाव बदलले गेले. इस्रायलशी मैत्री असणे म्हणजे ज्यूंविषयी आदर असणे नव्हे.

तुमच्यावरच आरोप झाला तर

‘माझे ज्यू मित्र आहेत’ हे उत्तर देऊ नये. कोणत्या वाक्याविषयी आक्षेप आहे ते विचारावे, आणि तेवढ्याच वाक्याचा विचार करावा. ब्रिटनच्या समता आणि मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये मजूर पक्षाला ज्यू सदस्यांच्या छळाबाबत व भेदभावाबाबत बेकायदा कृत्यांसाठी जबाबदार धरले. इस्रायली सरकारवरील रास्त टीकेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, हेही त्याच अहवालात लिहिलेले होते. त्याच दिवशी माजी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी या समस्येचे प्रमाण राजकीय हेतूने फुगवून सांगितले गेल्याचे निवेदन दिले आणि ते निलंबित झाले. प्रमाणाविषयीचा त्यांचा मुद्दा स्वतंत्रपणे तपासण्यासारखा असेलही, पण तक्रारदारांचे म्हणणे नुकतेच ग्राह्य ठरलेले असताना तो मांडल्यामुळे पुढची चर्चा ना ज्यू सदस्यांच्या तक्रारींवर झाली, ना पॅलेस्टाइनवर.