उणे तीसमध्ये पोराला शाळेत धाडायचं तर

कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीत पारा उणे ३० ला उतरतो आणि शाळा चालूच असते. निव्वळ थंडीसाठी ती सहसा बंद ठेवत नाहीत. विंडचिल (वारा धरून अंगाला जाणवणारं तापमान) उणे २७-२८ पर्यंत असेल तोवर मधल्या सुट्टीत पोरांना बाहेर बर्फात खेळायलाही काढतात. म्हणजे सकाळी सव्वाआठला तुम्ही जे काही पोराच्या अंगावर चढवाल, ते दिवसातून दोनतीनदा उतरून पुन्हा चढणार आहे, आणि तेव्हा शेजारी तुम्ही नसाल. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. आमच्याकडे सकाळची ही पाळी माझी असते. बायको हॉस्पिटलच्या ड्युटीला आमच्या आधी बाहेर पडते.

खरेदी झालेली आहे असं धरतो: जॅकेट, स्नोपँट, लायनरवाले (आत सुटं नमद्याचं अस्तर असलेले) बूट, कानटोपी, गळपट्टा. इथे नव्याने आलेल्या मराठी घरांत बहुतेक वेळा सामान चांगलंच असतं. गडबड होते ती वापरण्यात, आणि त्याहून जास्त सल्ल्यांमध्ये.

आकडा बघा

हवामानाच्या ॲपवर तापमान बघून गप्प बसू नका, विंडचिल बघा. पारा उणे २५ असेल आणि वारा ताशी २० किलोमीटर, तर विंडचिल उणे ३७ होतो. उणे २८ ते ३९ या टप्प्यात उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली गेलात की ५ ते १० मिनिटं पुरतात. शाळा चालत सात मिनिटांवर असेल तर हे गणित रोज सकाळी करायचं. बस्स.

आदल्या रात्रीचं काम

खरी मेख इथे आहे. या पायरीने मला बराच काळ छळलं, कारण कोणीच नीट सांगत नाही. पोराच्या हातापायांना थंडी वाजते ती बाहेरच्या तापमानापेक्षा आतल्या ओलीमुळे. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. पोरगं मधल्या सुट्टीत धावतं, पाय घामतात, तो घाम बुटाच्या लायनरमध्ये मुरतो. घरी आल्यावर बूट दाराशी ट्रेमध्ये तसेच उभे राहतात. बाहेरून बघावं तर बर्फ वितळून गेलेला, बूट अगदी कोरडाठक्क. आत बोटांपाशी मात्र लायनर ओलाच. दुसऱ्या दिवशी तोच बूट घालून उणे तीसमध्ये पोरगं निघतं, दहा मिनिटांत पाय बधिर होतात, आणि आपण नवे, आणखी महागडे बूट बघायला दुकानात जातो. बुटावर उणे ४० छापलेलं असू द्या, ओल्या लायनरला तो आकडा लागू नाही.

म्हणून शाळेतून आल्या आल्या, खाण्याच्याही आधी, लायनर बुटातून पूर्ण बाहेर काढायचे. अर्धे ओढून लोंबत ठेवायचे नाहीत. काढा आणि फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, गरम हवा जिथून येते त्या जमिनीवरच्या जाळीच्या शेजारी, वीतभर अंतरावर, तोंड उघडं ठेवून उभे करा. जाळीवर थेट ठेवू नका. नमदा आकसतो, आणि आकसलेला लायनर बुटात सुरकुत्या धरून टाचेला घासतो. त्याच कारणाने कपड्यांच्या ड्रायरमध्येही टाकायचे नाहीत. बूट आडवे करून ठेवा म्हणजे त्यांच्याही आतली वाफ निघून जाईल.

संध्याकाळीच करा असं म्हणतो त्यालाही कारण आहे. रात्री आपण थर्मोस्टॅट खाली आणतो, फर्नेस कमी वेळा पेटते, जाळीतून हवा कमी येते. झोपताना आठवण झाली तर सकाळी लायनर अर्धवट ओलाच मिळणार. तपासायचं कसं? तळहाताने नाही, तो गरम असतो आणि फसवतो. हाताची मागची बाजू लायनरच्या पार टोकापर्यंत घाला. गार लागलं तर ओल आहे. मग हेअर ड्रायर मंद आचेवर पाच मिनिटं, किंवा सरळ लायनरची दुसरी जोडी. काही बुटांचे लायनर सुटे विकत मिळतात, आणि दुसरे बूट घेण्यापेक्षा त्यात पैसे घातलेले बरे.

विनिपेगच्या हिवाळ्यात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची असते. घरातली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात आणि दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. त्यामुळे हवा लागू दिली तर वाळतं सगळं पटकन. पुण्यात जुलैमध्ये चार दिवस कुबट राहणारी जीन्स इथे एका रात्रीत कडक होते. अट एकच, वस्तू सुटी आणि उघडी पाहिजे. दप्तरात कोंबलेले हातमोजे कुठल्याच देशात वाळत नाहीत.

हातमोज्यांबद्दल माझं मत ठाम आहे. पाच बोटांचे ग्लोव्ह्ज शाळकरी पोरांसाठी बाद. एकेक बोट वेगळं पडलं की प्रत्येकाने आपापली ऊब धरायची, आणि लहान बोटांना ते जमत नाही. मिट्स घ्या, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असलेले मोजे, बाहेरून पाणी न धरणाऱ्या, मनगटाच्या वर जाणाऱ्या. आणि एक जोडी घेऊन थांबू नका. सकाळची जोडी पहिल्या सुट्टीतच ओली होते, तिच्यावर दुपार निघत नाही. दप्तरात दोन कोरड्या जोड्या झिपच्या पिशवीत, आणि ओली जोडी त्याच पिशवीत परत टाकायची नाही हे पोराला दहादा सांगा. अकराव्यांदाही सांगावं लागेल.

मिट्स वाळवताना आतलं अस्तर हळूच बाहेर ओढा, निदान अंगठ्याचं तरी. अंगठ्याच्या खोबणीतली ओल शेवटपर्यंत राहते.

बुटात रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे हा जुना उपाय चालतो, पण दोनदा बदलले तरच. एकदा कोंबून सकाळी काढले तर ओल आतच दाबून धरलेली असते. रॉकेटच्या वेगाने ऊब देणारी ती पुड्या फोडायची रासायनिक पाकिटं मी मुलांच्या बुटात घालत नाही. बधिर पायाला चटका कळत नाही.

अंगावर काय

इथे व्हिडिओ कॉलवरची आजी आडवी येते. "अरे, अजून एक स्वेटर घाल त्याला." आजीला दोष नाही, महाबळेश्वरच्या डिसेंबरात ते बरोबरच आहे. इथे वर्गात २१ अंश असतात. जाड थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर अजून एक, असं गुंडाळलेलं पोरगं साडेनऊला गणिताच्या तासाला घामाने भिजतं आणि साडेदहाला त्या भिजल्या कपड्यांवर जॅकेट चढवून बाहेर जातं. ओल पुन्हा आलीच.

आत एक पातळ थर, मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती बनियन नको, सूत घाम पिऊन बसतं. त्यावर रोजचे शाळेचे कपडे, हवं तर फ्लीसचं जाकीट, जे वर्गात सहज काढता येईल. उरलेलं काम जॅकेट आणि स्नोपँट करतात, त्यांना करू द्या. आजीने विणलेला स्वेटर घरात घाला, आणि कॉलच्या वेळी तर नक्की घाला.

पायमोजे एकच जोडी, लोकरीचे. दोन जोड्या घातल्या की बूट आवळतो, आतली हवा दाबली जाते, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत. मला या एका मुद्द्यावर वाद घालायचा नाही, दोन पायांवर करून बघा.

मफलर लहान मुलांना नको. घसरगुंडीत, झोपाळ्यात अडकतो, म्हणून इथे बऱ्याच बालवाड्या तो चालवून घेत नाहीत. डोक्यातून घालायचा नळीसारखा गळपट्टा घ्या, नाकापर्यंत ओढता येईल असा. श्वासाच्या वाफेने तो पुढून ओला होऊन गोठतो, तेव्हा फिरवून मागची बाजू पुढे आणायची. दप्तरात एक जादा ठेवा.

चेहऱ्याला निघायच्या अगदी तोंडावर पाणीदार क्रीम चोपडू नका. लावायचंच असेल तर अर्धा तास आधी, नाहीतर व्हॅसलीनचा पातळ हात. खोबरेल तेल इथे हिवाळ्यात बाटलीतच दगड होऊन बसतं, त्याची आशा सोडा.

क्रम

आधी शू. ही गंमत नाही. सगळं चढवून झाल्यावर दारात "बाबा, मला लागलीय" ऐकलं की पुढची पंधरा मिनिटं गेली.

मग स्नोपँट, मग बूट, मग स्नोपँटच्या आतली लवचीक पट्टी बुटाच्या गळ्यावरून खाली. मग गळपट्टा, जॅकेट, कानटोपी, आणि सगळ्यात शेवटी मिट्स, जॅकेटच्या बाहीवरून. जॅकेट आधी घातलं तर पोराला वाकून बूट घालता येत नाही, मिट्स आधी घातल्या तर चेन ओढता येत नाही. चार वर्षांच्या आतल्यांना मात्र उलट: मिट्स आधी, वरून जॅकेटची बाही, म्हणजे उपटून फेकता येत नाहीत.

आमच्याकडे हे पाठांतरासारखं म्हणतात: शू, पँट, बूट, गळा, जॅकेट, टोपी, हात. ऑक्टोबरात, बर्फ नसतानाच, रविवारी दुपारी सराव करून घ्या आणि हात लावू नका. वर्गात वीसेक पोरं असतात, बाई एकेकाची चेन लावत बसत नाहीत. ज्याला स्वतःहून जमत नाही तो सुट्टीचा निम्मा वेळ कपड्यांच्या खुंटीपाशी काढतो, किंवा मिट्स न घालताच पळतो. चेनच्या टोकाला जाड दोरीचा फासा बांधून द्या, त्याने फार फरक पडतो.

सगळं चढवून झालं की घरात थांबायचं नाही. चावी, डबा, दप्तर हे आधी दाराशी. पूर्ण पोशाखात आत तीन मिनिटं उभं राहिलेलं पोरगं घामायला लागतं.

गाडीने जाणार असाल तर

उणे १५ च्या खाली गाडीचा ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) प्लगला लावा. टायमरवर, निघण्याआधी तीनचार तास पुरतात, रात्रभर वीज जाळायची गरज नाही. आणि सकाळी निघताना वायर काढा.

मुलांच्या कार सीटमध्ये पोराला फुगीर जॅकेटसकट बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, फ्लीसवर पट्टा आवळा, मग जॅकेट उलटं करून पुढून पांघरा. "दोनच मिनिटांचं अंतर आहे" हे मला सांगू नका.

गाल पांढरा पडला तर

गालावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर फिकट, मेणचट डाग दिसला आणि पोरगं म्हणालं की तिथे काही कळत नाही, तर आत चला. कोरडा, ऊबदार तळहात त्यावर नुसता ठेवा. चोळायचं नाही. बर्फ चोळायचा सल्ला अजूनही कुणीतरी देतंच, तो देणाऱ्याला दाराबाहेर ठेवा. बोटं असतील तर कोमट पाण्यात, गरम नाही, आणि हीटरसमोर धरायची तर अजिबात नाही. रंग परत येताना मुंग्या येतात, दुखतं, पोरगं रडतं. तसं होत नसेल, कातडी कडक लागत असेल किंवा फोड आले असतील तर थेट डॉक्टर.

जीभ लोखंडी खांबाला चिकटवण्याचा प्रयोग प्रत्येक वर्गात कुणीतरी करतं. ओढू नका, कोमट पाणी ओता.

मार्चमध्ये

उणे तीसचा बर्फ पिठासारखा कोरडा असतो, झटकला की पडतो. पारा शून्याच्या आसपास आला की तोच बर्फ चिकटतो, वितळतो आणि शिवणीतून आत शिरतो. त्यामुळे ओल्या मिट्सचा आणि गार पायांचा खरा हंगाम मार्च आहे, जेव्हा आपण "थंडी संपली" म्हणून लायनर काढायचा आळस करतो. नमद्याचे लायनरवाले बूट या दिवसांत वरून पाणी पितात. रबरी बूट काढा आणि आत लोकरी मोजा घाला. स्नोपँट मात्र माळ्यावर टाकू नका, एप्रिलमध्ये इथे बर्फ पडतो आणि मेमध्ये पडला तरी कोणी बातमी करत नाही.

पुढच्या वर्षीचे बूट याच दिवसांत, सेलमध्ये घ्या. लायनर आत घालून, लोकरी मोजा चढवून, टाचेमागे तुमचं एक बोट जाईल एवढा मोठा. दुकानात लायनर बाहेर काढून परत बसवून बघा. जो लायनर दुकानात सहज निघत नाही, तो घरी रोज संध्याकाळी कोणी काढणार नाही.