चिकूच्या वाडीत दोन दिवस काहीही न करता कसे घालवायचे (घोलवड-बोर्डी)

पहिल्यांदा डहाणूजवळच्या घोलवडला गेलो तेव्हा आमच्या ह्यांनी चक्क एक्सेल शीट बनवली होती. शनिवारी सकाळी बीच, मग डॅम, मग गुहा, रविवारी महालक्ष्मी, येताना डहाणूत मासे. आणि वाडी? वाडीत आम्ही फक्त झोपायला आलो, तेही डास मारत मारत. रविवारी रात्री घरी पोचलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता ह्या सुट्टीची सुट्टी कधी मिळणार?" त्यानंतर चारेकदा जाऊन आता कुठे जरा जमायला लागलंय म्हणून लिहितेय, कोणाला उपयोग झाला तर बघा.

आधी कधी जायचं ते. चिकूला झाडावर वर्षभर काही ना काही असतंच, एकाच फांदीवर फूल, बारकं फळ आणि तयार फळ असं सगळं एकदम दिसतं, पण खरी मजा थंडीत. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा मस्त असते, दुपारीसुद्धा झाडाखाली बसवतं. बोर्डीचा चिकू फेस्टिव्हल पण थंडीतच असतो, पण तुम्हाला शांतता हवी असेल तर नेमके ते दोन दिवस टाळा, रूम मिळत नाहीत आणि रस्त्याला गाड्यांची रांग. मे महिन्यात लिची, जांभूळ, आंबे असं सगळं असतं पण दमट उकाडा असा की अंगाला कपडा नको होतो. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं, फोटो छान येतात, बाकी चिखल आणि डास, मला तरी नाही झेपत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जागा निवडणं. हल्ली काय झालंय, चार चिकूची झाडं, मध्ये लॉन, एक स्विमिंग पूल आणि दोन स्पीकर लावले की त्याला "फार्म स्टे" म्हणतात. आम्ही एकदा अशा ठिकाणी फसलोय, नाव नाही घेत, रात्री साडेअकराला कोणाच्यातरी हळदीची गाणी चालू होती आणि झाडांना रंगीत लायटिंग केलेलं. त्यामुळे वेबसाइटवरचे फोटो बघून पैसे भरू नका, सरळ फोन करा आणि गप्पा मारल्यासारखं चार गोष्टी विचारा. मालक वाडीतच राहतात का? सध्या तोडणी कोणत्या दिवशी असते? जेवण घरात बनतं की बाहेरून येतं? स्पीकर लावायला परवानगी आहे का? (हे असं विचारा की जणू तुम्हालाच लावायचाय, "हो हो लावा की" असं उत्तर आलं की फोन ठेवा.) ज्यांची खरंच वाडी आहे ते तोडणीबद्दल विचारलं की खुलतात, दहा मिनिटं बोलतात, आणि ज्यांचं फक्त रिसॉर्ट आहे ते म्हणतात "मॅडम सगळं ॲव्हेलेबल आहे."

इकडे वाड्या बऱ्याचशा पारशी-इराणी कुटुंबांच्या आहेत, बाकी स्थानिक मराठी-गुजराती लोकांच्या. घोलवडात चिकू आला 1898 मध्ये, म्हणजे काही वाड्यांत आता चौथी-पाचवी पिढी आहे. डहाणू-घोलवड चिकूला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय. तिथली लोकं सांगतात की इथल्या मातीत चुना जास्त म्हणून गोडी जास्त. आणि वापीचे कारखाने एवढे जवळ असून इकडे अजून वाड्या कशा टिकल्या असं मला नेहमी वाटायचं, तर 1991 मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, मोठ्या कारखान्यांवर बंधनं आली, त्यामुळे.

जायचं कसं, तर शक्यतो ट्रेनने. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच, एक चुकली की बसा फलाटावर, म्हणून टाइमटेबल आधी बघा. घोलवड हे डहाणूच्या पुढचं स्टेशन, तिथे मेमू, पॅसेंजर अशा गाड्याच थांबतात, तेव्हा डहाणूला उतरून रिक्षा करणं सोपं. नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असा समुद्राच्या बाजूबाजूने रस्ता जातो, रिक्षावाल्याला तोच रस्ता घ्यायला सांगा. गाडीने जाणार असाल तर अहमदाबाद हायवेने चारोटीला वळायचं, पण घोडबंदर आणि वसईच्या ट्रॅफिकमध्ये जे डोकं उठतं ते खाली बसायला अर्धा दिवस जातो, मग आराम कसला डोंबलाचा. पहाटे पाचला निघणार असाल तरच गाडी काढा.

बॅगेत काय घ्यायचं: डासांचं क्रीम, टॉर्च, एक जुनी चादर (झाडाखाली पसरायला), आणि जुने कपडे. जुनेच. चिकूला चिकू म्हणतात आणि चीक असतोच, कच्चं फळ तोडलं की देठातून पांढरं दूध टपकतं आणि कपड्याला लागलं की तो डाग काही केल्या जात नाही, माझा एक चांगला कुर्ता त्यात गेला. हाताला लागला तर साबणाने घासत बसू नका, आधी खोबरेल तेल चोळा आणि मग धुवा. अशाच चिकापासून पूर्वी च्युइंगम करायचे, चिकूचं मूळ गाव तिकडे मेक्सिकोच्या बाजूला, हे पोराला सांगितल्यावर त्याने चीक चावून बघितला. कडू आणि चिकट. तुमच्या पोरांना सांगू नका.

वाडीत पोचलात की पहिला तास काही करू नका, फक्त फिरा. चिकूचं झाड आंब्यासारखं उंच सुटं नसतं, फांद्या पार खालपर्यंत, पानं गच्च, आत शिरलं की एकदम थंड आणि जरा अंधार. भर दुपारी बाहेर ऊन रणरणतंय आणि झाडाखाली बारकी बारकी उन्हाची नाणी सांडल्यासारखी. खाली सुक्या पानांची गादी असते त्यावर चादर टाकायची. आमच्या सासूबाई दुसऱ्या ट्रिपला सकाळी दहाला अशा एका झाडाखाली पेपर घेऊन बसल्या त्या थेट जेवायलाच उठल्या, आणि पेपर पहिल्याच पानावर होता.

वाडीचं स्वतःचं टाइमटेबल असतं, ते पकडलं की तुम्हाला वेगळं काही ठरवायला लागत नाही. सकाळी लवकर तोडणीवाले येतात, बहुतेक आसपासच्या पाड्यांवरचे वारली लोक. लांब बांबूच्या टोकाला जाळी लावलेली असते, ती फळाखाली नेऊन हलका झटका दिला की चिकू जाळीत. बघायला सोप्पं वाटतं. मी केलं तर पहिल्या झटक्यात तीन पानं आणि एक कच्चं फळ. तिथल्या एका मावशींनी ते फळ हातात घेतलं, सालीवरची ती मातकट पावडर अंगठ्याने पुसली, नखाने बारीकसा ओरखडा काढला आणि मला दाखवला. खाली हिरवं दिसत होतं. म्हणाल्या, "हा नाय झाला अजून." मग टोपलीतला एक घेऊन तसाच ओरखडला, तो खाली पिवळट, आणि चीक पण जवळजवळ नाही. एवढीच परीक्षा! हिरवा म्हणजे अजून झाडावर राहू दे, पिवळट म्हणजे तोडायला तयार. आणि तयार म्हणजे पिकलेला नाही हां, तो त्या दिवशी दगडासारखाच असतो, घरात ठेवल्यावर पिकतो. हे कळल्यापासून बाजारात भाजीवाल्यासमोर मी उगाच चिकूला नखं लावत असते आणि तो माझ्याकडे रागाने बघतो.

दोन-तीन गोष्टी मात्र पाळा. न विचारता झाडावरचं फळ तोडायचं नाही, खाली पडलेलं पण विचारूनच उचलायचं, तो त्यांचा माल आहे. काम करणाऱ्या बायकांचे फोटो परवानगीशिवाय काढायचे नाहीत. आणि लहान मुलांना चिकू देताना बिया काढूनच द्या, त्या काळ्या चकचकीत बीला टोकाला आकडा असतो, घशात अडकू शकतो.

दुपारी तोडलेला माल शेडमध्ये येतो, आकाराप्रमाणे वेगळा करतात, बॉक्स भरतात, बराचसा उत्तरेत दिल्लीच्या बाजूला जातो. ते हात कसे चालतात ते बघत बसणं हा माझा आवडता टाइमपास, न बघता मोठा इकडे छोटा तिकडे. तुम्हाला बसवेल तेवढं बसा, मग झोपा. दुपारी झोपायचंच, त्यासाठीच आलाय.

जेवणाचं आधी सांगून ठेवावं लागतं, हे हॉटेल नाही की मेनूकार्ड येईल. पारशी घरात उतरला असाल तर धनसाक (डाळ-मटण) विचारा, सकाळी अकुरी (मसालेदार अंडा भुर्जी) विचारा. मराठी घरात असाल तर मासे, ताजे बोंबील मिळाले तर दुसरं काही मागूच नका. थंडीत कुठे उकडहंडी करत असतील तर नशीब तुमचं, मडक्यात शेंगा, कंद, वांगी भरून शिजवतात, शाकाहारी माणसाने त्यासाठीच जावं. आणि ताडगोळे रस्त्यावर दिसले की थांबायचं, नंतर घेऊ म्हटलं की मिळत नाहीत.

रात्री लवकर काळोख होतो. आणि हो, रात्री झाडात फडफड, टपटप, मध्येच चिरकं ओरडणं ऐकू आलं तर घाबरू नका, वटवाघळं असतात, पिकलेल्या चिकूंवर त्यांची पार्टी चालते. पहिल्या रात्री आम्ही दोघं टॉर्च घेऊन बाहेर आलो होतो चोर आला म्हणून. मालकीणबाई, ऐंशीच्या पुढच्या, खिडकीतूनच म्हणाल्या, "सुई जा डिकरा (झोप जा बाळा), ते रोजचे पाहुणे हाय." सकाळी झाडाखाली अर्धवट खाल्लेले चिकू पडलेले असतात ते उचलून खाऊ नका, एवढंच.

अगदीच पाय शिवशिवले तर दोन दिवसांत एकच ठिकाण निवडा. एकच! माझं मत विचाराल तर संध्याकाळचा बोर्डी बीच, सुरूची झाडं आणि ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की चालत चालत कंटाळा येतो, गर्दीही त्या मानाने कमी. ज्यांना चढायची हौस आहे त्यांनी बहरोट गुहा करा, गुजरातेतलं संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी तिथे 12 वर्षं जपला होता, तोच अग्नी, इराणशाह, आता उदवाड्याला आहे. पहाटे निघा, पाणी भरपूर घ्या, खाली अस्वलीचा डॅम आहे तिथे परतताना बसता येतं. आणि शिक्षक असाल तर कोसबाडची टेकडी चुकवू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. आमच्या सासूबाई स्वतः बालवाडीत शिकवायच्या, त्या तिथे बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

आता घरी चिकू न्यायचे कसे, कारण इथेच सगळे गंडतात. मी पहिल्यांदा सात किलो घेतले, सगळे एकसारखे कडक, आणि घरी येऊन लगेच फ्रीजमध्ये टाकले, का तर खराब होतील. दोन आठवडे झाले तरी दगडच, आणि नंतर एक दिवस बघते तर आतून काळपट आणि चव मातीची. सगळे फेकले. कच्चा चिकू फ्रीजमध्ये पिकत नाही, नीट लक्षात ठेवा. घेताना मालकांना सांगा की थोडे आजचे, थोडे दोन दिवसांनी खायचे आणि थोडे कच्चे द्या, ते बरोबर निवडून देतात. घरी आल्यावर कच्चे पेपरमध्ये गुंडाळून टोपलीत, घाई असेल तर सोबत एक-दोन पिकलेली केळी, हवेप्रमाणे चार ते सात दिवस लागतात. रोज देठाजवळ हलकं दाबून बघायचं, तिथे मऊ लागला की झाला, मग फ्रीज. सगळे एका दिवशी पिकले तर बिया काढून फोडी फ्रीजरमध्ये टाका, मिल्कशेकला होतात. तिकडे वाळवलेल्या फोडी पण मिळतात, चिकू चिप्स म्हणून, त्या डब्यासाठी बेस्ट. लोणचंही मिळतं, एकदा घेतलं होतं, परत नाही घेणार.

परत येताना डहाणूहूनच लोकल सुटते त्यामुळे बसायला जागा मिळते, वीसेक मिनिटं आधी जाऊन खिडकी पकडा. चिकूचा बॉक्स सीटखाली ठेवा, वरच्या रॅकवर नको. पालघरपर्यंत काही होत नाही, पण विरारला गर्दी चढली की कोणीतरी त्यावर सॅक ठेवतंच, आणि बोरिवली येईपर्यंत खाली बसलेल्या काकांच्या शर्टावर मिल्कशेक झालेला असतो. आम्ही त्या काकांना चार चिकू दिले, त्यांनी घेतले, पण हसले नाहीत.