दिवाळीनंतर कबुतरांचा जोडा लावताय? आधी दाण्याचा हिशोब बसवा

राम राम मंडळी. मूग-उडीद घरात येऊन पडलेत, मका खळ्यात आहे, कापसाची वेचणी चालूय आणि गावागावात पोरांची ढाबळी (कबुतरांची खुराडी) झाडायची गडबड सुरू झालीय. आपल्या खान्देशात कबुतरांची पैदास घ्यायचा खरा सीझन हाच, दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पावसाळ्यात त्यांची पिसं गळतात, डासांमुळे पिल्लांना देवी येतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पत्र्याखाली काय होतं ते सांगायची गरज नाही. म्हणून मिळतात ते हे चार-पाच महिने, आणि तेवढ्यात चांगल्या जोडीची दोन-तीन वेत निघाली तरी पुष्कळ झालं, जास्तीची हाव नको.

आता मुद्द्याचं. पिल्लं मेली की आपण लगेच रोग आला म्हणतो आणि औषधाच्या दुकानात पळतो, पण बऱ्याच ढाबळीत घोळ दाण्याचा असतो. वर्षभर तोच एक डबा, तीच बाजरी-गहू, जोडी रिकामी असो, अंड्यावर असो नाहीतर पिल्लावर. गाय गाभण राहिली, व्याली की आपण खुराक बदलतो ना भाऊ, मग कबुतराचं का नाही बदलत? त्याचं तर दूध सुद्धा असतं.

हो, दूधच. अंड्यातून पिल्लू बाहेर यायच्या दोन-तीन दिवस आधीपासून नर आणि मादी दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळसर पांढरा पदार्थ तयार व्हायला लागतो. त्यात प्रोटीन आणि चरबी भरपूर, पिठूळ भाग जवळपास नाहीच. पहिले चार-पाच दिवस पिल्लू फक्त त्याच्यावर जगतं, दाणा नाही, पाणी नाही. म्हणजे तुम्ही पिल्लाला काय भरवता याला काही अर्थ नाही, जोडीला काय घालता त्यावर सगळं आहे. दोन दिवसांच्या पिल्लाच्या चोचीत सिरींजने बेसनाचं पाणी घालणारे पण पाहिलेत, ते पाणी श्वासनळीत जातं आणि पिल्लू जागेवर जातं. आई-बाप जिवंत असताना हे उद्योग करूच नका.

जोडा लावल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं पडतं, मग एक दिवस सोडून दुसरं. हे आठ-दहा दिवस मादीचे. या काळात दाणा मध्यम ठेवायचा, 10 किलोच्या मिक्सात कडधान्य दोन किलोच्या आसपास, बाकी दादर (रब्बी ज्वारी), बाजरी, गहू, थोडा मका. फार तुपट खाऊ घालून मादी लठ्ठ केली तर अंडं अडकतं. पण चुना-कॅल्शियम मात्र याच वेळेस पाहिजे, नाहीतर अंडं कातडीसारखं मऊ पडतं. पोल्ट्री फीडच्या दुकानात शेल ग्रिट (शिंपल्याचा चुरा) मिळतं, ते घ्या, त्यात जुन्या लाल विटेचा चुरा, लाकडी कोळशाचे बारीक तुकडे, अंड्याची टरफलं उकळून वाळवून कुटलेली आणि अगदी चिमूटभर मीठ. हे दाण्यात मिसळायचं नाही, वेगळ्या वाटीत कायम समोर ठेवायचं, पाखरू आपल्या गरजेनं उचलतं. ओलं झालं की फेकून नवीन भरा.

अंड्यावर बसली की भूक कमी होते. दिवसा जास्त करून नर बसतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी, त्यामुळे दुपारी एकदाच दाणा टाकून मोकळं होणाऱ्यांच्या ढाबळीत एकाला पोटभर मिळतं आणि दुसरा उपाशी राहतो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी चार-साडेचारला एकदा टाका. इथे कडधान्य दहा किलोला एक-सव्वा किलोवर आणा, बाजरी-दादर वाढवा.

मग कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसरं अंडं पडल्यापासून 17-18 दिवसांनी पिल्लं निघतात, तर 15 व्या दिवसापासूनच दाणा बदलायला लागायचं. एकदम नाही, दोन-तीन दिवसांत हळूहळू. पिल्लं निघेपर्यंत मिक्सात कडधान्य साडेतीन किलोपर्यंत गेलं पाहिजे, म्हणजे दोन किलो मूग, एक किलो मठ (मटकी), अर्धा किलो बारीक देशी हरभरा, आणि वरून दोन मुठी करडई, चरबीसाठी. बाकी साडेसहा किलोत दादर, बाजरी, गहू. पहिला आठवडा-दहा दिवस बारीक दाणाच ठेवा, कारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुधात दाणा मिसळून पिल्लाच्या पोटात जायला लागतो आणि हायब्रीड मक्याचा मोठा दाणा त्या एवढ्याशा नरड्याला झेपत नाही. दहा दिवसांनंतर मका घाला की, थंडीत तर घालाच.

मूग-मठाचा खर्च परवडत नाही म्हणतात लोक. भाऊ, डाळ मिलला जायचा एक नंबरचा माल नकोय, चाळणीखालचा बारीक मूग चालतो, फक्त भुंगा लागून पोकळ झालेला नको, त्यात दाणा कमी आणि पीठच जास्त. सोयाबीन स्वस्त आहे म्हणून कच्चं टाकू नका, ते कच्चं पचतच नाही, उलट बाकीच्या प्रोटीनचं पचन पण अडवतं. सरकी तर ढोरांची, पाखराला नकोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे या दिवसांतच होतं. रब्बीचा मका, हरभरा पेरून झाला की पिशवीत मूठ-दोन मूठ बी उरतं. लाल, गुलाबी, निळं रंगवलेलं. ते कोणीतरी सहज अंगणात फेकतं, पाखरं खातील म्हणून. आमच्या भागात एका पोराच्या अख्ख्या ढाबळीचं असंच झालं, संध्याकाळी पाखरं भिंतीवर पिसं फुगवून बसलेली, पंख लोंबलेले, हाताने उचललं तरी उडत नव्हती, सकाळपर्यंत निम्मी खाली पडली. त्या रंगात कीटकनाशक आणि बुरशीनाशक असतं, धुतलं तरी जात नाही. उरलेलं बी पुढच्या पेरणीला नको असेल तर खोल खड्ड्यात पुरा. ज्या कोठीत कीड मारायच्या गोळ्या टाकल्यात त्यातलं धान्य पण कबुतराला नको, त्याच्यासाठी वेगळी कोठी ठेवा, कडक उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला टाकला की होळीपर्यंत टिकतं. परतीच्या पावसात भिजलेला मका तर वासावरूनच कळतो, दाण्याच्या टोकाला हिरवट-काळी भुकटी दिसली की तो पिल्लावरच्या जोडीला अजिबात नको, त्या बुरशीचं विष यकृतावर जातं.

किती घालायचं? एका मोठ्या कबुतराला दिवसाला 30 ते 40 ग्रॅम पुरतं, पण पिल्लं दोन आठवड्यांची झाली की तीच जोडी दुप्पट उचलते, तेव्हा मोजत बसू नका. त्यात गंमत अशी की पिल्लं अजून खोप्यात असतानाच मादी दुसऱ्या वेताची तयारी करते, पहिल्या पिल्लांचा सगळा भार नरावर पडतो. त्याला बाजूला दुसरं भांडं, दुसरा कोपरा द्या, आणि दाणा कमी पडू देऊ नका.

पाण्याचं थोडक्यात. कबुतर चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवून ओढून पितं, उथळ ताटलीत त्याला नीट पिता येत नाही. दाणा खाऊन पाणी पितात आणि मगच पिल्लाला भरवतात, म्हणजे दाण्यासोबत पाणी नसेल तर पिल्लू उपाशी. दोन वेळा ताजं भरा, भांडं घासून. पिल्लाच्या किंवा मोठ्याच्या घशात पिवळा घट्ट साका दिसला तर तो पाण्यातून आणि आई-बापाच्या भरवण्यातूनच पसरतो, ते पाखरू वेगळं काढा आणि गुरांच्या डॉक्टरला दाखवा, मेडिकलवाल्याला विचारून गोळी फोडू नका.

रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आत एक काम करायचं, खोप्यात हात घालून पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपायची. भरलेली, मऊ, आत दाणे सरकताना जाणवले तर झोपा निवांत. रिकामी सैल लागली तर जोडीला लगेच थोडा दाणा-पाणी द्या, लाईट लावून द्या हवा तर. आणि सकाळी तीच पिशवी कालच्यासारखीच टच्च असेल, आंबूस वास येत असेल तर पचलेलं नाही, कडधान्य कमी करून पाणी तपासा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकड्यावर येतो, रात्र मोठी, आणि आठ-दहा दिवसांनंतर आई-बाप रात्रभर पिल्लावर बसत नाहीत, तेव्हा रिकाम्या पोटाचं पिल्लू पहाटे गारठतं. उत्तरेकडून पोतं बांधा, खाली कडुनिंबाच्या बारीक काड्या किंवा भुसा जाड टाका.

एक पिल्लू मोठं, एक बारीक राहिलं तर मोठ्याला दुसऱ्या जोडीखाली सरकवता येतं, फक्त तिथली पिल्लं एक-दोन दिवसांच्या फरकाचीच पाहिजेत, नाहीतर दूध आणि दाणा जुळत नाही. ओळखीची रिंग पायात घालायची असेल तर सातव्या-आठव्या दिवशी, नंतर पाय जाड होतो. महिन्याभरात पिल्लं स्वतः टिपायला लागतात, मग बाजरी, गहू, मूग समोर ठेवून वेगळी करा.

झाडताना तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क लावा आणि आधी पाणी शिंपडा. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीनं फुफ्फुसाचा त्रास होतो, 2025 मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून एवढा वाद झाला तो याच्यापायीच. दमेकरी माणूस घरात असेल तर ढाबळ खिडकीखाली नको. विष्ठेचं खत जबर असतं पण ताजं उष्ण पडतं, उकिरड्यात मुरवून मगच वांग्याला घाला.

होळी झाली की नर-मादी वेगळे करायला लागा, उशिरात उशिरा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी. शेवटची पिल्लं वेगळी झाल्यावर मूग-हरभरा कमी, मका बंद, दादर-बाजरी जास्त आणि पाण्याची भांडी दुप्पट.