जनगणनेच्या आकड्यांचा नकाशा कसा बनवावा

२०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती, मुंबई उपनगरची ९३,५६,९६२. नुसत्या लोकसंख्येवर नकाशा रंगवला तर दोन्ही सारखेच गडद दिसतात. पण पुण्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आणि उपनगरचे अवघे ४४६! म्हणून आधी भागाकार करा: दर चौरस किलोमीटरला पुण्यात ६०३ माणसे, उपनगरात २०,९८०. एकूण संख्याच दाखवायची असेल तर रंग भरू नका, लहान-मोठी वर्तुळे काढा.

क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे मोफत सॉफ्टवेअर, २०११ च्या जिल्हासीमांची फाइल आणि जनगणनेचा सीएसव्ही तक्ता (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) एवढे पुरते. तक्त्यातल्या आकड्यांमधले स्वल्पविराम काढून टाका, नाहीतर आकडा मजकूर म्हणून वाचला जातो. तक्ता सीमांना जोडताना जिल्ह्याचे नाव वापरू नका. अहमदनगरचे आता अहिल्यानगर झाले आहे. जनगणनेचा कोड वापरा, पुण्याचा ५२१. जोडल्यावर रकाने रिकामे आले तर बहुधा कोड एका फाइलीत आकडा आणि दुसरीत मजकूर म्हणून असतो.

सीमा २०११ च्याच हव्यात. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. नव्या सीमा घेतल्या तर पालघर कोरा राहतो आणि अखंड ठाण्याची माणसे आताच्या छोट्या ठाण्यात कोंबली जातात.

आता घनतेनुसार जिल्ह्यांचे गट पाडा, प्रत्येक गटाला एक छटा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. घनता गडचिरोलीत ७४, उपनगरात २०,९८०. समान अंतराचे पाच गट केले की पहिला गट ४,२५५ पर्यंत जातो; ३५ पैकी ३३ जिल्हे त्यातच बसतात, मधले तीन गट रिकामे आणि शेवटच्यात मुंबईचे दोन जिल्हे. समान संख्येचे गट केले तर प्रत्येकात सात जिल्हे येतात, पण १,१५७ चे ठाणे आणि २०,९८० चे उपनगर एकाच रंगात दिसतात. त्यापेक्षा २००, ३००, ५०० आणि १,००० अशा सीमा स्वतः टाका.

रंग एकच घ्या, फिकट ते गडद. लाल-हिरवी जोडी अनेकांना वेगळी ओळखता येत नाही. शेजारी स्तंभालेख देणार असाल तर त्याचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा.

मग पुण्याचा ६०३ उलगडा. त्यात पेठाही आहेत आणि वेल्ह्याचे डोंगरही. तालुक्यांच्या सीमा घेऊन हाच नकाशा पुन्हा काढा. तालुक्यांसाठी गटांच्या सीमा मात्र नव्याने ठरवाव्या लागतील.