दायाक पाते कोणाचे आणि कशासाठी घडवलेले, हे कसे ओळखावे

बोर्निओ बेटावरील दायाक लोकांचे एखादे जुने पाते समोर आले की नजर आधी कोरीव मुठीकडे आणि तिला बांधलेल्या केसांच्या झुपक्यांकडे जाते. तपासणी मात्र पात्यापासूनच सुरू करावी, कारण पाते, मूठ आणि म्यान या तिन्हींचे मूळ एकच असेल असे नाही. कायान आणि केन्या या दायाक जमातींच्या लोहारांची पाती व्यापारात दूरवर जात. बेटाच्या मलेशियातील सारावाक भागातले इबान लोक ती घेऊन त्यांना आपल्या पद्धतीची मूठ व म्यान चढवत. शिवाय ‘दायाक’ हे अनेक जमातींना मिळून दिलेले नाव आहे, त्यामुळे तेवढ्याने ओळख पुरी होत नाही.

पाते आडव्या छेदात कसे आहे, हे सर्वांत आधी पाहावे. कालिमंतानात, म्हणजे बेटाच्या इंडोनेशियातील भागात, मंदाऊ आणि सारावाकमध्ये पारांग इलांग म्हणून ओळखले जाणारे पाते एका अंगाने किंचित फुगीर आणि दुसऱ्या अंगाने किंचित खोलगट असते. पोलादी पट्टी पात्यावर आडवी टेकवून ते उजेडाकडे धरावे: फुगीर अंगावर पट्टी डुलते आणि खोलगट अंगावर तिच्याखालून उजेडाची बारीक फट दिसते. या घडणीमुळे एका दिशेचा तिरका घाव खोल जातो आणि उलट दिशेचा घाव निसटतो. म्हणूनच डावखुऱ्या माणसासाठी दोन्ही अंगे उलटी करून वेगळे पाते घडवावे लागते. दोन्ही अंगे सपाट असतील, तर ते पर्यटकांसाठी केलेले असण्याचा दाट संशय घ्यावा, मग मूठ कितीही देखणी असो.

यानंतर बाह्याकृती पाहावी. मंदाऊचे पाते मुठीकडे अरुंद असून टोकाकडे रुंदावत जाते, आणि त्याच्या पाठीवर टोकाजवळ लोखंड कातरून काढलेली वळणदार नक्षी असू शकते. पाते तलवारीसारखे वाकडे, टोकाकडे रुंद आणि मुठीजवळ बोटाच्या रक्षणासाठी छोटा उंचवटा असलेले असेल, तर ते इबानांचे न्याबुर असण्याची शक्यता मोठी. मुठीच्या पुढेच लोखंड कोनात वाकलेले जड पाते म्हणजे लातोक. हे मात्र सारावाकमधील मलय लोकही वापरत, तेव्हा केवळ आकारावरून ते दायाक ठरवू नये. मुठीचे टोक दुभंगलेले असेल तर मलेशियातील साबाह आणि उत्तर कालिमंतानातील मुरुत लोकांच्या पाकायुनचा विचार करावा. हाताच्या रक्षणासाठी धातूची कमान असलेले नाबुर हे दक्षिणेकडील बंजार मुसलमानांचे शस्त्र आहे, आणि विक्रेते ते सर्रास दायाक म्हणून खपवतात.

उपयोग ठरवताना झीज फार बोलकी असते. रानातली झुडपे तोडायला, शेत मोकळे करायला वापरलेल्या पात्याची धार पुन्हापुन्हा लावल्याने मधोमध आत गेलेली असते, मूठ साध्या लाकडाची आणि हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली असते. आपल्याकडच्या जुन्या कोयत्याचे जे होते तेच. सांबरशिंगाची कोरीव मूठ, केसांचे झुपके, पितळी ठिपके आणि मण्यांनी सजवलेले म्यान ही मानाची, युद्धाची किंवा समारंभाची लक्षणे. पातळ आणि कधीच धार न लावलेले पाते बहुधा नाचासाठी असते.

पितळी ठिपके म्हणजे मालकाने कापलेल्या मुंडक्यांची संख्या, ही कथा विक्रेते आवडीने सांगतात. तिच्यावर किंमत ठरवू नये. ठिपके ही लोहाराची सजावट आहे आणि नव्या पात्यावरही ते हवे तितके बसवता येतात. १८९४ साली मध्य कालिमंतानातील तुंबांग आनोई येथे डच अमलाखाली मोठी सभा भरली आणि शिरे कापण्याची प्रथा सोडण्याचे तेथे ठरले. बाजारात दिसणारी पुष्कळ मंदाऊ त्यानंतरचीच आहेत.

म्यान उलटे करून आतली, म्हणजे कमरेला लागणारी बाजू अवश्य पाहावी. जुन्या म्यानात लाकडाच्या दोन फळ्या विणलेल्या वेताने आवळलेल्या असतात आणि या बाजूला लहान सुरीसाठी वेगळा कप्पा असतो. ती सुरी पात्याला आखूड आणि मुठीला लांब असते, कारण लांब मूठ हाताखाली दाबून वेत सोलायला व लाकूड कोरायला ती वापरतात. कप्पा आहे पण सुरी नाही, असे वारंवार आढळते. कप्प्याला सुरीच्या ये-जा करण्याचे घासल्याचे वण असतील तर म्यान खरोखर वापरातले होते, असे धरायला हरकत नाही.

मूठ पात्याला राळेने चिकटवलेली असते, म्हणून तिला गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवून साफ करू नये. कोरीव भाग शिंगाचा आहे की साच्यातून ओतलेला, हे भिंगाखाली कळते: ओतीव मुठीवर साच्याच्या जोडाची रेघ आणि हवेचे बुडबुडे दिसतात, तर खऱ्या शिंगाचा गाभा सच्छिद्र असतो. हेल्मेटधारी धनेशाच्या चोचीवरील भाग सजावटीत असेल तर खरेदीच टाळावी. या पक्ष्याच्या अवयवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

नोंद करताना ‘दायाक तलवार’ एवढेच न लिहिता, पाते केन्या-कायान पद्धतीचे, मूठ सांबरशिंगाची, म्यान इबान पद्धतीचे, सुरी गहाळ, असे भागवार लिहावे. मग कुचिंग येथील सारावाक संग्रहालय किंवा ब्रिटिश म्युझियम यांच्या संग्रहातील, मिळाल्याचे ठिकाण नोंदलेल्या वस्तूंशी एकेक भाग ताडून पाहता येतो.